मूळव्याधीचं घरचं सामान: इसबगोलाला पैकीच्या पैकी, मलमांना जेमतेम पास

मूळव्याधीवर ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू एका टेबलावर मांडायला घेतल्या तर टेबल पुरत नाही. भुकटी, गोळ्या, मलमं, ओले पॅड, कमोडवर बसवायचा टब, पायाखालचं स्टूल, मधे भोक असलेली उशी, जेल, तेलं. यातल्या बहुतेक वस्तू लावायच्या असतात आणि गफलत तिथेच होते. त्रास बाहेर जाणवतो म्हणून उपाय बाहेर शोधला जातो. कारण मात्र कडक मल, कुंथणं आणि कमोडवर रेंगाळत बसणं हे असतं. म्हणून इथे गुण देताना निकष एकच ठेवला आहे: वस्तू कारणावर काम करते, की नुसती चुरचुर थांबवते? चुरचुर थांबवणारी वस्तूही कामाची असते, फक्त तिला पहिल्या रांगेत बसवायचं नाही.

थोडी रचना आधी समजून घ्यावी लागेल, कारण कोणती वस्तू आपल्या उपयोगाची ते तिच्यावरूनच ठरतं. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात, साधारणपणे तीन. वायू आणि पातळ मल रोखायला त्यांची मदत होते. वर्षानुवर्षं जोर पडून त्यांचा आधार सैल झाला, त्या फुगून खाली सरकल्या की त्रास सुरू होतो. आतल्या भागात एका ठरावीक रेषेच्या वर वेदना कळत नाही. त्यामुळे आतला कोंब, म्हणजे अशी फुगलेली गादी, रक्त पाडतो पण सहसा दुखत नाही. रेषेच्या खाली मात्र साधी त्वचा आहे, भरपूर संवेदना असलेली. तिथे रक्ताची गाठ धरली तर माणसाला धड बसता येत नाही. आतल्या कोंबांच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत फक्त रक्त पडतं, दुसरीत कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो, तिसरीत बोटाने आत ढकलावा लागतो, चौथीत तो बाहेरच राहतो. घरच्या उपायांचा खरा फायदा पहिल्या दोन पायऱ्यांना होतो. तिसरीत निम्माशिम्मा आराम पडतो. चौथीत टब आणि भुकटीवर विसंबून महिने काढण्यात अर्थ नाही.

आणखी एक अट, खरेदीच्या आधीची. रक्त दिसलं म्हणजे मूळव्याधच, असं धरून चालू नये. लालभडक रक्त, शौचाच्या शेवटी थेंबथेंब किंवा पुसताना कागदावर, आणि दुखणं नाही, हे चित्र आतल्या कोंबाचं. शौच होताना चिरत गेल्यासारखं दुखलं आणि नंतर तासभर ठणकत राहिलं तर ते बहुधा फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या त्वचेला पडलेली चीर असते. काळा, डांबरासारखा मल, मलात मिसळून आलेलं रक्त, कारण नसताना घटणारं वजन, आठवडे उलटले तरी बदललेलीच राहिलेली शौचाची सवय, फिकेपणा आणि दम लागणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा वयाच्या ४५ नंतर पहिल्यांदाच दिसलेलं रक्त: यातलं एकही लागू असेल तर आधी तपासणी, मग खरेदी. ताप, वाढत जाणारा ठणका आणि लघवी अडणं एकत्र आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी पुढचं सगळं वाचावं, पण सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावं.

इसबगोल: ५ पैकी ५

टेबलावरची सर्वांत साधी वस्तू पहिली आली. इसबगोल म्हणजे प्लँटॅगो ओव्हाटा या वनस्पतीच्या बियांचं साल. ते पाणी शोषून फुगतं, त्याचं जेल होतं आणि ते जेल पचन न होता मोठ्या आतड्यापर्यंत जवळपास तसंच पोचतं. तिथे ते मलातलं पाणी धरून ठेवतं, म्हणून मल मऊ, सलग आणि सहज सरकणारा होतो. उलट मल पातळ असेल तर हेच जेल जास्तीचं पाणी ओढून त्याला आकार देतं. ही दुसरी बाजू फार जणांच्या लक्षात येत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ शौचाला जाणाऱ्याचे कोंबही कडक मल असणाऱ्याइतकेच चिडतात. शिवाय आतड्यातले जंतू या जेलला फारसं आंबवत नाहीत, त्यामुळे इन्युलिनसारख्या तंतूंच्या (फायबरच्या) मानाने पोट कमी फुगतं.

पुराव्याच्या बाजूनेही हीच वस्तू भक्कम उभी राहते. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००५ साली मूळव्याधीतल्या तंतूंच्या वापरावरच्या ७ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात ३७८ रुग्ण होते. तंतू घेणाऱ्यांमध्ये त्रास तसाच टिकून राहण्याची आणि रक्त पडत राहण्याची शक्यता साधारण निम्म्यावर आली. वेदना, खाज आणि कोंब बाहेर येणं यांत मात्र ठाम फरक दिसला नाही. म्हणजे रक्तासाठी हा उपाय उत्तम, बाहेर लोंबणाऱ्या कोंबासाठी नाही. डब्यावर कुणी तसं छापत नाही, म्हणून इथे सांगायचं.

मात्रा आणि पद्धत नीट पाळली नाही तर हीच चांगली वस्तू बदनाम होते. सुरुवात रोज ३ ग्रॅमने करावी. आठवड्याभराने ५ ग्रॅम, आणि गरज वाटली तर ५ ग्रॅम दिवसातून दोनदा. चमच्याने मोजताना जपावं. अख्खं साल हलकं असतं, टेबलावरचा मोठा चमचा भरून जेमतेम ५ ग्रॅम भरतं. दळलेली भुकटी जड असते, तोच चमचा दुप्पट माल उचलतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा वजन करून आपल्या चमच्याचं माप ठरवून टाकावं, म्हणजे रोजची कटकट मिटते.

ग्लासात आधी २५० मिली पाणी घ्यावं, मग साल वरून भुरभुरावं, ढवळावं आणि लगेच प्यावं. अर्ध्या मिनिटात सालाच्या कडा पारदर्शक व्हायला लागतात. पाचेक मिनिटं गेली की ग्लासात जड, गिळगिळीत जेल उरतं, ते घशाखाली उतरत नाही आणि पुढच्या दिवशी माणूस डबा उघडतच नाही. आधी साल टाकून वर पाणी ओतलं तर तळाशी गुठळी बसते, बाहेरून ओली आणि आतून कोरडी. मिश्रण पिऊन झाल्यावर आणखी एक ग्लास साधं पाणी प्यावं. साल कोरडं तोंडात टाकून वर पाण्याचा घोट घेणं धोक्याचं आहे. ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं. गिळायला त्रास असलेल्यांनी, अन्ननलिका किंवा आतडं अरुंद झालेल्यांनी याच्या वाटेला जाऊच नये. घेतल्यावर लगेच आडवंही होऊ नये. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर जेल औषधाचं शोषण लांबवतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती वेळेच्या हिशेबात. मलात फरक १२ ते ७२ तासांत दिसतो. रक्त थांबायला मात्र काही आठवडे लागतात, सहा आठवडेसुद्धा. चौथ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद करणारे आणि रक्त थांबलं त्या दिवशी बंद करणारे, दोघेही पुन्हा त्याच जागी येतात.

मल बरेच दिवस अडून कडक गोळा झाला असेल तर त्याच्या मागून इसबगोल लादू नये. पुढची वाट बंद असताना मागे गर्दी वाढवली तर पोट नुसतं गच्च होतं. आधी पाणी ओढणारं सौम्य रेचक, उदाहरणार्थ पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्टुलोज, डॉक्टर किंवा औषधविक्रेत्याला विचारून घ्यावं, वाट मोकळी करावी आणि मग तंतू सुरू करावेत.

डबा घेताना मागची बाजू वाचावी. घटक एकच असावा. चव लावलेल्या भुकटीत साखर बरीच असते, काहींत अस्पार्टेम असतं (फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना ते चालत नाही). आणि ‘पोट साफ करणारं चूर्ण’ म्हणून मिळणाऱ्या मिश्रणात इसबगोलाबरोबर सोनामुखी घातलेली असते का, हे जरूर बघावं. सोनामुखी आतड्याला ढोसते. एखाद्या रात्रीपुरती ठीक, पण रोज घेतली तर पोटात मुरडा येतो, मल पातळ होतो आणि कोंब जास्तच चुरचुरतात. पहिल्या दिवशी गुण जोरात दिसतो म्हणून अशीच मिश्रणं जास्त खपतात.

मात्रा बरोबर बसली का, हे ओळखायला ब्रिस्टल तक्ता पुरेसा आहे. मलाचे सात प्रकार त्यात चित्रांनी दाखवलेले असतात. तिसरा किंवा चौथा, म्हणजे भेगांचा किंवा गुळगुळीत, सलग लांबट मल, हे आपलं ठिकाण. पहिला-दुसरा दिसला तर पाणी आणि मात्रा वाढवावी, सहावा दिसला तर कमी करावी. जेवणातून मिळणारे तंतू धरून दिवसाला २५ ते ३५ ग्रॅम भरले पाहिजेत. इसबगोल त्यातली तूट भरून काढतं. भाज्या, फळं, कडधान्यं यांची जागा ते घेत नाही.

पायाखालचं स्टूल: ५ पैकी ४

कमोडवर सरळ बसलं की गुदाशयाला मागून वेढणारा स्नायू त्याला पुढे ओढून ठेवतो आणि वाटेत एक कोन राहतो. गुडघे कमरेच्या वर आले की तो स्नायू ढिला पडतो, कोन उघडतो आणि जोर कमी लागतो. स्टुलाचं काम इतकंच. १८ ते २३ सेंटीमीटर उंची बहुतेकांना पुरते. बुटक्या माणसाला उंच स्टूल सोयीचं, उंच माणसाला कमोडच ठेंगणा पडत असेल तर १८ सेंटीमीटर भरपूर झालं. दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत. टाचा अधांतरी राहिल्या तर मांड्या ताठरतात आणि सगळा फायदा जातो. कोपरं गुडघ्यांवर, पाठ पुढे कललेली, पोट सैल. श्वास रोखून दाब देण्याऐवजी तोंडाने हळूहळू सोडत राहावं.

विकत घेताना खालच्या रबरी बुडांकडे बघावं, ओल्या फरशीवर प्लास्टिकचं हलकं स्टूल सरकतं. मधे कमोडच्या आकाराची खाच असेल तर वापर नसताना ते आत ढकलून ठेवता येतं. बाकी महागड्या घडीच्या स्टुलात आणि तेवढ्याच उंचीच्या मजबूत खोक्यात कामाच्या दृष्टीने काही फरक नाही. एक गुण कापला तो त्यासाठीच. उकिडवं बसायच्या भांड्यावर जाणाऱ्यांना याची गरज नाही. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदललेल्यांनी आधी विचारून घ्यावं.

स्टूल घेऊन त्यावर पाय ठेवून अर्धा तास फोन बघत बसलं तर पैसे वाया गेले. कमोडच्या कडेवर बसल्यावर मधला भाग अधांतरी असतो, त्याला खालून आधार नसतो आणि गाद्यांत रक्त साचत जातं. २०२५ साली ‘प्लॉस वन’ या संशोधनपत्रिकेत आलेल्या एका अभ्यासात कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासून घेण्यासाठी आलेल्या १२५ जणांची पाहणी होती. शौचालयात स्मार्टफोन वापरणाऱ्यांत मूळव्याध आढळण्याचा धोका ४६ टक्क्यांनी जास्त निघाला. एवढ्या लहान पाहणीवरून फोनला गुन्हेगार ठरवता येत नाही, पण पाच मिनिटांपेक्षा जास्त बसणारे फोनवाल्यांतच अधिक होते, आणि मुद्दा तोच आहे. पाच मिनिटांत झालं नाही तर उठावं. पुन्हा लागली की जावं. लागलेली दाबून ठेवणं ही दुसऱ्या टोकाची चूक. मल जितका आत थांबेल तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं.

कमोडवर बसणारा टब: ५ पैकी साडेतीन

कोमट पाण्यात बसल्यावर गुदद्वाराचा आकसलेला स्नायू सैल होतो, हा फायदा जाणवणारा आहे. कोंब त्याने लहान होत नाही. वेदना किती कमी होते यावरचा पुरावाही कच्चाच आहे, पण नुकसान जवळजवळ नाही, आणि शौचानंतर साबण-कागदाशिवाय जागा स्वच्छ होते, हा वेगळा लाभ.

टबमध्ये बघायच्या गोष्टी तीन. पहिली, माप. कमोडचं तोंड गोल असतं किंवा लांबट. गोल टब लांबट कमोडवर पुढे-मागे डुगडुगतो आणि बसताना पाणी जमिनीवर येतं. घेण्याआधी कमोडची आतली रुंदी आणि लांबी पट्टीने मोजावी, सीट वर करून टब थेट भांड्याच्या कडेवर ठेवायचा असतो. दुसरी, मागच्या बाजूच्या फटी. जास्तीचं पाणी तिथून कमोडमध्ये पडतं. त्या नसतील किंवा पुढच्या बाजूला असतील तर तो टब नको. तिसरी, प्लास्टिकची जाडी. घडीचे सिलिकॉनचे टब ठेवायला छान, पण वजनदार माणूस बसला की मधून दबतात. पिशवी आणि नळीची जोडणी बरोबर मिळते ती पाणी फिरतं ठेवण्यासाठी. तिच्यावाचून अडत नाही, आणि नळी आतून नीट वाळत नाही ही कटकट आहेच.

पाणी ३७ ते ४० अंश सेल्सियस. थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला ते उबदार लागावं, चटका बसता कामा नये. दुखत असलेल्या जागेला बऱ्याचदा ‘अजून थोडं गरम’ हवंसं वाटतं आणि तिथेच त्वचा भाजते. टब अर्धाच भरावा, बसल्यावर पातळी वर येते. १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, त्यातली एक वेळ शौचानंतरची. मीठ घातलं नाही तरी चालतं. जंतुनाशक, साबण, सुगंधी तेल, फेस येणारं काहीही घालू नये, त्वचा कोरडी होऊन खाज वाढते. उठताना हळू, आधाराला धरून, कारण कोमट पाण्यातून एकदम उठलं की भोवळ येऊ शकते. नंतर मऊ कापडाने टिपून घ्यावं, घासू नये. ओल राहिली तर आधीचा सगळा खटाटोप वाया. टब दर वेळी धुऊन कोरडा करून ठेवावा, आणि घरात इतर कुणाबरोबर वाटून घेऊ नये.

मलमं आणि सपोझिटरी: ५ पैकी २

नळीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते सोडून द्यावं आणि घटक वाचावेत. झिंक ऑक्साइड आणि पेट्रोलियम जेली त्वचेवर थर धरतात, ओल आणि मलाचा संपर्क रोखतात. ही सर्वांत निरुपद्रवी जोडी, खाज आणि सोलवटलेल्या त्वचेसाठी चांगली. शौचाच्या आधी जेलीचं बोट फिरवलं तर घर्षणही कमी होतं. लिडोकेन (काही नळ्यांवर लिग्नोकेन लिहिलेलं असतं) २ ते ५ टक्के जागा बधिर करतं. बाहेरच्या दुखऱ्या गाठीला त्याचा उपयोग आहे, न दुखणाऱ्या आतल्या कोंबाला बधिर करून काय साधणार? हायड्रोकॉर्टिझोन १ टक्क्यापर्यंत खाज झटपट थांबवतं, पण सात दिवसांच्या वर लावलं तर तिथली नाजूक त्वचा पातळ होते आणि मग खरोखरीची चुरचुर सुरू होते. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकसते. उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा थायरॉइडचा आजार, प्रोस्टेट वाढल्याने लघवीला त्रास असेल तर ते टाळावं.

लावायचं ते वाटाण्याएवढं, धुऊन आणि कोरडं करून झाल्यावर. जाड थर दिला तर ओल आत कोंडते. सपोझिटरीबद्दल, म्हणजे गुदद्वारातून आत सारायच्या विरघळणाऱ्या गोळीबद्दल, एक व्यावहारिक अडचण आहे: ती आत गेल्यावर वर गुदाशयाकडे सरकते आणि तिथे विरघळते, कोंबाच्या जागी थांबत नाही. रात्री झोपताना बाहेरून लावलेलं मलम तिच्यापेक्षा जास्त ठिकाणावर पडतं.

झाडपाल्याचा कप्पा

विच हेझल हे हॅमामेलिस व्हर्जिनियाना या झुडपापासून करतात. ओल्या पॅडच्या डब्यांत बहुधा तेच असतं. सालीतल्या टॅनिन या तुरट घटकामुळे त्वचा आवळली जाते, अशी त्याची ख्याती आहे. बाजारात मिळतो तो बहुतेक माल ऊर्ध्वपातन केलेला (वाफ करून पुन्हा द्रव केलेला), आणि त्या प्रक्रियेत टॅनिन जवळजवळ मागेच राहतं. उरतो तो थंडावा आणि साधारण १४ टक्के अल्कोहोल. अल्कोहोल नसलेले पॅड शौचानंतर टिपायला बरे आहेत, खाज थोडा वेळ शमते. फिशर असेल तर अल्कोहोलवाला पॅड लावताच डोळ्यांत पाणी येईल. ५ पैकी अडीच.

कोरफडीच्या जेलला दोन गुण, तेही नीट काढलेल्या जेलला. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा चीक येतो त्यात अलोइन असतं, ते त्वचेला झोंबतं आणि पोटात गेलं तर जोरदार जुलाब करतं. पान उभं ठेवून चीक निथळू द्यावा, पिवळा भाग कापून टाकावा, आतला पारदर्शक गर धुऊन घ्यावा. बाटलीतलं जेल घेतलं तर रंग आणि सुगंध नसलेलं. खोबरेल किंवा तत्सम साधं तेल हे पेट्रोलियम जेलीचंच काम करतं, थोडं कमी वेळ टिकतं, एवढाच फरक.

शून्य गुण मिळालेल्यांची नावंही सांगायला हवीत. सफरचंदाचं व्हिनेगर, लिंबाचा रस, लसणाची पाकळी, न पातळ केलेलं टी ट्री तेल. या जागेची त्वचा पातळ, ओली आणि आधीच सुजलेली असते. आम्ल किंवा तिखट अर्काने ती रासायनिक रीतीने भाजते. ‘झोंबतंय म्हणजे लागू पडतंय’ हा समज इथे फार महागात पडतो. कोंब ‘गळून पाडणाऱ्या’ निनावी लेपांच्या बाबतीत तर हात जोडावेत. दाहक पदार्थाने कोंबासोबत आजूबाजूची त्वचाही जळते आणि बरी होताना गुदद्वार आवळून अरुंद होऊ शकतं.

गोळ्यांमध्ये एकच जोडी दखल घेण्याजोगी आहे, डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन. लिंबूवर्गीय फळांत आढळणारे हे फ्लॅव्होनॉइड, ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ४५० आणि ५० या प्रमाणात. रक्त, खाज आणि स्राव यांवर अशा औषधांचा उपयोग होतो, असं कॉक्रेनच्या २०१२ च्या आढाव्यात दिसलं. वेदनेवर ठाम फरक आढळला नाही. त्रास उफाळल्यावर पहिले चार दिवस रोज सहा गोळ्या विभागून आणि पुढचे तीन दिवस चार, असा क्रम नेहमी देतात. मात्रा बरीच आहे, पोट बिघडू शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. ५ पैकी ३. ज्या गोळ्यांच्या वेष्टनावर वनस्पतींची नुसती यादी आहे आणि कुणाचं प्रमाण किती ते नाही, त्यांना गुण देता येत नाहीत. हॉर्स चेस्टनटचा तयार अर्क वेगळा आणि त्याच्या कच्च्या बिया वेगळ्या. बिया विषारी असतात, घरी काढा करायच्या भानगडीत पडू नये.

एकाएकी गाठ आली तर

कडेला निळसर, कडक, वाटाण्यापासून बोराएवढी गाठ आणि असह्य दुखणं, ही रक्त गोठल्याची खूण. इथे टेबलावरचा क्रम बदलतो. पहिले ४८ ते ७२ तास दुखणं शिखरावर असतं. या काळात कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, बर्फ थेट त्वचेला न लावता. मधे कोमट टब, वरून लिडोकेन. वेदनेसाठी पॅरासिटामॉल. ज्यात कोडीन आहे ते टाळावं, कारण त्याने मल कडक होतो. गाठ दाबून फोडायचा किंवा आत ढकलायचा प्रयत्न करू नये, ती आतून आलेलीच नसते. सोसवत नसेल तर पहिल्या ७२ तासांतच डॉक्टरांकडे जाण्याचा फायदा, कारण गाठ कापून काढायची तर तीच वेळ. त्यानंतर दुखणं आपोआप उतरणीला लागतं. गाठ विरायला दोन-तीन आठवडे जातात आणि मागे कातडीचा लहानसा लोंबता तुकडा राहू शकतो. तो निरुपद्रवी असतो.

उरलेलं सामान

ओल्या पुसण्या अर्थात वाइप्स घेताना मिथाइलआयसोथायझोलिनोन हा परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) टाळावा. कोंब शांत झाल्यावरही न जाणारी खाज कित्येकदा त्याच्याच ॲलर्जीची असते, आणि माणूस ती घालवायला आणखी वाइप्स वापरतो. सुगंधी तर नकोतच. पाण्याचा फवारा याहून चांगला, पण मंद दाबाचा आणि कोमट. जोराची धार सुजलेल्या जागेवर मारून सफाई होत नाही, त्वचा तेवढी सोलते. दिवसातून दहादा धुणंही तितकंच वाईट.

मधे भोक असलेल्या उशीला १ गुण. बसल्यावर मधला भाग भोकात लोंबतो, कडेने दाब येतो आणि सूज वाढायला वाव मिळतो. कमोडवर जे टाळायचं तेच खुर्चीत दिवसभर होतं. बसून काम करावं लागत असेल तर सपाट, दाट फोमची किंवा जेलची गादी घ्यावी आणि पाऊण तासाला उठून चार पावलं चालावं. भोकवाली उशी आधीच घेऊन ठेवली असेल तर गाठ धरलेल्या दोन-तीन दिवसांपुरती ती चालेल, एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटांच्या वर नाही.